आवतन दिलेला ढवळ्या

"तुमी जित्त्या बैलाचं कातडं काढता, त्यात भुसा भरता, अन् त्याले जतन म्हनता, सायेब. आमचं गाव बुडवलं तवा तुमाले काही वाटलं नाई. आता गावाचा रस्ता बागेत मांडाले निंगाले, तवाबी काही वाटून नाई राह्यलं."

गोजराबाईनं हे ऐकवलं ते हिवरदरी धरणाच्या काठावर, पाटबंधारे खात्यानं टाकलेल्या मांडवात, माईक हातात धरून. माईक तिला खात्याच्या साहेबांनीच दिला होता. गावकऱ्यांनी मनमोकळं बोलावं, असं म्हणाले होते. खात्याच्या भाषेत मनमोकळं बोलणं म्हणजे आभार मानणं. हे गोजराबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. साठी उलटलेली बाई, उभा जन्म वऱ्हाडातल्या मालेगावच्या बाजारात भाजी विकलेली. माणूस बोलतो काय आणि त्याला हवं काय, हे तिला गिऱ्हाईक टोपल्यापाशी वाकलं की कळायचं.

साहेब हसले. शिकलेलं, मऊ हसू. "आजी, तुमचा गैरसमज होतोय. ही बोट भंगारात जाणार होती. मी थांबवली. आपण तिचा ऐतिहासिक वारसा म्हणून सन्मान करतोय."

"मी तुमची आजी नोहो," गोजराबाई म्हणाली. "अन् थे बोट नोहे. ढवळ्या हाय."

मांडवात हशा पिकला. कोणीतरी अलगद तिच्या हातातून माईक काढून घेतला. सभा पुढं सरकली.

आता ढवळ्या म्हणजे कोण, ते नीट सांगायला पाहिजे.

हिवरदरीचं धरण बांधायला घेतलं तेव्हा भिंतीच्या पाण्याकडच्या अंगाला दगड नेऊन टाकायला खात्याला ओढणारी बोट लागली. वऱ्हाडात तशी बोट कुठून असणार? इथल्या माणसानं पाणी पाहिलं ते विहिरीत वाकून. म्हणून मुंबईच्या गोदीत म्हातारी झालेली एक टग खात्यानं भल्यामोठ्या ट्रेलरवर चढवून आणली. टग म्हणजे स्वतः काही न वाहणारी, पण दुसऱ्याला ओढणारी बोट. गोदीत तिनं विलायतेची जहाजं दोर लावून धक्क्याला आणली, धक्क्याची सोडवून समुद्राला दिली. आधी कोळशावर चालायची, मग तिला डिझेलचं इंजिन बसवलं. ट्रेलर मालेगावातून गेला तेव्हा माणसं दुकानं उघडी टाकून रस्त्यावर आली. सरकारला मोठ्या पुराची खबर आधीच लागलेली दिसते, असं म्हणून दोन-चार घरांनी त्या वर्षी धान्य माळ्यावर चढवलं.

बोट पांढऱ्या रंगाची होती. बुटकी, खांद्यात रुंद, नाक पाण्यात खुपसून चालणारी. दगडांनी भरलेला तराफा मागं जोडला की आधी गुरगुरायची, मग दोर ताणून घ्यायची आणि मग मान घालून ओढायची. काठावर तंबाखू मळत बसलेल्या माणिकरावानं पाहिलं आणि म्हणाला, "हा तं बैल हाय बावा." नाव पडलं ते पडलं. तेव्हापासून हिवरदरीत त्याला कोणी बोट म्हणालं नाही.

बैल म्हटला की त्याचा पोळाही आला. पहिल्या पोळ्याला गावानं कहर केला. बैलाला पुरणपोळी चारतात, मग ढवळ्यानं काय पाप केलं? पण याचं तोंड कोणतं? यावर पारावर मोठी चर्चा झाली. ज्या भोकातून हा हवा आत ओढतो तेच तोंड, असं ठरलं, आणि माणिकरावानं तुपात भिजवलेली पुरणपोळी त्या भोकात पार कोपरापर्यंत हात घालून सारली. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं तर ढवळ्या एकदा खोकला, काळा धूर ओकला आणि बसला. बोटीबरोबर मुंबईहून आलेला, ती चालवणारा कोकणी तांडेल डोक्याला हात लावून म्हणाला, "अरे मेल्यांनो, गोदीत ह्याला कोणी गोडाचं जेवण नव्हतं घातलं."

इंजिन खोलून पुरण काढायला तांडेलानं एक जवान गडी हाताखाली घेतला. चंपत त्याचं नाव. चंपतचं वावर धरणात गेलं होतं, हात रिकामे होते. पुरण काढता काढता तो इंजिन शिकला. धरण भरलं, तांडेल मासळीसाठी कासावीस होऊन आपल्या मुलखाला निघून गेला, आणि ढवळ्या चंपतच्या हाती आला. तोच चंपत गोजराबाईचा नवरा.

धरण भरलं तेव्हा अर्धी हिवरदरी बुडाली. वरची अर्धी टेकडीवर राहिली. ज्यांची घरं बुडाली त्यांना नवी जागा मिळाली. ज्यांची बुडाली नाहीत त्यांना खातं म्हणालं, तुमचं तर काहीच गेलं नाही. खरंच गेलं नव्हतं. फक्त रस्ता गेला होता. पुढं पाणी, मागं राखीव जंगल. जंगलातून सडक करायची तर परवानगी नाही, आणि परवानगी कोण देतं हे विचारायला जायचं तर तेही पाण्यापल्याड. मग ढवळ्यामागं दगडाच्या तराफ्याऐवजी माणसांचा तराफा लागला. वांगी, भेंडी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, आजारी माणसं, नवऱ्या, बकऱ्या, एकदा तर अख्खा ट्रॅक्टर. सगळं ढवळ्यानं ओढलं.

तीन वर्षांमागं खात्यानं त्याला जुना आणि धोकादायक ठरवून अल्याडच्या, खात्याच्या बाजूच्या काठाला साखळीकुलपात बांधलं. बदल्यात फायबरची एक देखणी बोट आणली. तिच्यावर सिटांना रेक्झिन, डोक्यावर छत. ती तराफा ओढत नाही. टोपलं घेऊन चढू देत नाही, कारण पाहुण्यांच्या कपड्यांना माती लागते. हिवरदरीची भाजी टेकडीवरच सडायला लागली. पोरांना पोरी मिळेनात, पाण्यापल्याड लेक कोण देईल? घरांना एकेक करून कुलपं लागू लागली.

आणि आता खात्याला ढवळ्याचा इतिहास आठवला होता. काठावर बाग होणार, मधोमध सिमेंटचा चौथरा, त्यावर ढवळ्या. सपाट बसावा म्हणून खालचा पंखा कापणार, इंजिन काढणार, हलू नये म्हणून पोटात सिमेंट भरणार. लोकांच्या भावना लक्षात घेऊन उद्घाटन पोळ्याच्याच दिवशी, असं साहेबांनी सभेत जाहीर केलं आणि टाळ्या घेतल्या.

सभेहून घरी येताना, फायबरच्या बोटीत मोकळ्या हातानं बसून, चंपत बायकोला म्हणाला, "काहून भांडली व? भंगारात जानार होता. काठावर तं राहीन. येता जाता दिसन."

चंपतला कमी ऐकू यायचं. इंजिनाशेजारी जन्म काढला त्याचे कान इंजिनालाच जातात. म्हणून तो स्वतः ओरडून बोलायचा आणि त्याचं गुपितही साऱ्या धरणाला कळायचं.

गोजराबाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "भंगारात गेला तं लोकं म्हनतीन, मेला. बागेत ठेवला तं म्हनतीन, हाय. मंग आपल्या रस्त्याचं कोन इचारन? बोट तं जतन करून ठेवली ना तुमची, असं म्हनतीन."

"मले शाल देनार हायेत."

"घ्या. थंडी वाजन तवा पांघरा."

तिची सून सुचिता समोर बसली होती. ती या घरात नवरी होऊन आली तीच ढवळ्यामागच्या तराफ्यावरून, मुंडावळ्या वाऱ्यावर उडवत. ती म्हणाली, "मामाजी, तुमचा फोटोबी लावनार हायेत म्हने चौथऱ्यावर."

चंपतला हे मात्र बरोबर ऐकू आलं. "माहा?"

"हो. हार घालून," सुचिता म्हणाली, आणि चंपतचा चेहरा पडला.

घरी आल्यावर तो जेवला नाही. ताट सरकवून म्हणाला, "मी दर आठवड्याले जाऊन त्याचं इंजिन फिरवतो. चौकीदार फिरवू देते. कायले फिरवतो मी? चौथऱ्यावर ठेवासाठी फिरवतो काय?" गोजराबाईनं ताट झाकून ठेवलं. त्याचं त्यालाच कळलं होतं, तिनं त्यावर मीठ टाकायची गरज नव्हती.

पोळ्याचा आदला दिवस म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू वागवलेला बैलाचा खांदा पळसाच्या पानांनी गरम पाण्यानं शेकायचा, त्याला तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. एकदा आवतन दिलं की तो बैल बैल राहत नाही, पाहुणा होतो. त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, त्याला दोर लावून कामाला न्यायचं नाही, विकायचं तर नावच काढायचं नाही. हे वऱ्हाडात कोणी कुठं लिहून ठेवलेलं नाही आणि कोणी मोडलेलंही नाही.

ढवळ्याचा खांदा म्हणजे त्याचा मागचा आकडा, ज्यात तराफ्याचा दोर अडकतो. दर वर्षी तो शेकायचं काम गोजराबाईचं. यंदाही ती सकाळीच फायबरच्या बोटीनं अल्याड आली, पदराखाली तुपाची वाटी लपवून. चौकीदार उदयसिंगनं साखळी काढून ठेवली होती. क्रेन येणार म्हणून साहेबांचाच हुकूम होता. तिनं पाणी तापवलं, पळसाची पानं आकड्यावर दाबली, तूप-हळद चोळली, आणि वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ती उठते न उठते तोच क्रेन आली. सोबत ठेकेदाराचा माणूस मुकेश, गॉगल लावलेला. क्रेनवर भाऊसिंग, कामरगावकडचा, घरी चार बैल असलेला माणूस. मुकेशनं हात करून सांगितलं, "चल, साखळ्या टाक."

भाऊसिंग खाली उतरला. बोटीला चक्कर मारून मागं आला. आकड्यावरची ओली हळद पाहिली, खाली पडलेली पळसाची पानं पाहिली, शेजारी तुपाची वाटी घेऊन उभी असलेली बाई पाहिली.

"बाई, हे काय करून ठेवलं?"

"दर वर्षी करतो आमी. आवतन देल्लं."

"बोटीले?"

"बैलाले."

भाऊसिंगनं डोकं खाजवलं. मुकेश मागून खेकसला, "अबे लोखंड हाय थे. काय पाहून राह्यला?"

"लोखंड असन," भाऊसिंग म्हणाला. "आवतन तं देल्लं ना?"

"मंग?"

"मंग काही नाई. आज साखळी टाकत नसतो मी. उद्याबी नाई. परवा या म्हनसान तं परवा येतो."

"तुले डिझेल जाळाले पैसे सायेब देते का थे बाई देते?"

"माह्या घरी चार बैल हायेत," भाऊसिंग शांतपणे म्हणाला. "संध्याकाळी त्याईचा खांदा शेकाचा हाय मले. इकडे एकाच्या गळ्यात साखळी टाकून तिकडे दुसऱ्याले तूप चोळू, कोन्या तोंडानं? तू चालव क्रेन. येते का तुले?"

मुकेशला येत नव्हती. त्यानं फोन लावला, बराच वेळ हं हं केलं. साहेबांनी सारासार विचार केला. पाहुणे ठरले होते, मांडव पडला होता. बोट पाण्यातच असू द्या, त्यांनी सांगितलं, उलट व्हिडिओ छान येईल, चौथऱ्यावर नंतर चढवू. भाऊसिंग क्रेन रिकामी घेऊन गेला. जाताना त्यानं ढवळ्याच्या अंगाला हात लावून तो कपाळाला लावला. गोजराबाईनं हे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपण एकटे नाही.

साखळी तशीच काठावर पडून राहिली. परवा पुन्हा काढावी लागणार, मग कशाला लावा, असं उदयसिंग म्हणाला. त्याचा हिशेब काही चुकीचा नव्हता.

पोळ्याच्या दिवशी ढवळ्याला असा सजवला की खात्याची सजावट त्यापुढं लाजली. पुढच्या टोकाला बाशिंग, दोन्ही अंगांना झूल, टपावर झेंडूच्या माळा. समोर दोन बांबू रोवून त्यांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, गावात बैलांच्या रांगेपुढं बांधतात तसं. बोट आणि मोकळं पाणी यांच्यामध्ये एवढा एक पानांचा दोर. पाहुणे आले. भाषणं झाली. वारसा, अस्मिता, पर्यटन, सगळं झालं. चंपतला शाल दिली, नारळ दिला. तो नारळ हातात धरून उभा राहिला. कोण काय बोललं ते त्याला ऐकू आलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही.

मग झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात तोरणाखाली उभं राहून एकमेकांना टोमणे मारायचे, ते गाऊन मारायचे आणि शेवटी देवाचं नाव घ्यायचं, म्हणजे कोणाला रागावता येत नाही. एरवी ही बाप्यांची मजा. पण यंदा सुचिता पुढं झाली, आणि तिला कोणी अडवायच्या आत तिनं सूर लावला:

"काठावर बाग केली, खांब लावले चार,
सायेबाचा फोटो निंगे अन् गाव राह्यलं पार.
एक नमन गौरा पारबती, हर हर महादेव."

"हर हर महादेव," हिवरदरी ओरडली. साहेबांनीही हसून टाळ्या वाजवल्या. देवाचं नाव घेतल्यावर ते तरी काय करणार होते?

साहेब चंपतपाशी आले. हातवारे करून, मोठ्यानं सांगू लागले, "काका, एकदा शेवटचा भोंगा वाजवा. इंजिन सुरू करा, धूर निघू द्या. आपल्याला व्हिडिओत पाहिजे."

हे चंपतला नीट कळलं. त्यानं नारळ सुचिताच्या हाती दिला, शाल झेंडूच्या माळांवर टाकली आणि आत उतरला. ढवळ्या गुरगुरला. धूर निघाला. भोंगा वाजला तसे पाण्यावरचे बगळे उठले आणि टेकडीवरून कुत्री भुंकली, तीन वर्षांनी घरचा आवाज ऐकल्यासारखी.

गोजराबाई साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"सायेब, पोळा फुटला की बैल काय करते?"

साहेब गोंधळले. ते आपल्या मुलखातले नव्हते, तरी एवढं त्यांना कोणी सांगितलं असेल. "म्हणजे... घरी नेतात ना? पूजेला?"

"हो. घरी जाते. बाई दारात उभी राहते, पायावर पानी टाकते, ओवाळते, मंग थो जेवते. आवतन देल्लं हाय. जेवल्याबिगर ठेवता येत नाई."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. मागं कॅमेरा चालू होता. "आपली संस्कृती आहे ती."

"ढवळ्याचं घर पल्याड हाय," गोजराबाई म्हणाली.

साहेबांच्या चेहऱ्यावर ते पोचायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात माणिकराव, आता काठी टेकत चालणारा, त्याच काठीनं तोरणाला ओढ देऊन मोकळा झाला. तोरण तुटलं. पोळा फुटला. गोजराबाईनं खुंट्याचा दोर सोडला, पातळ आवरून बोटीवर चढली आणि पुढच्या टोकाशी उभी राहून हात वर केला. चंपतला ऐकू येत नाही. पण बायकोचा हात दिसतो.

साहेब "अहो, अहो" म्हणत काठापर्यंत धावले. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि एवढ्या टाळ्या वाजत असताना पाठलाग करणं खात्याला शोभलं नसतं.

पल्याड बायका आरत्या घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. ढवळ्याला ओवाळलं. पुरणपोळी आकड्यावर ठेवली, दुसरीकडं कुठं घालायची नाही हे आता पोराटोरांनाही माहीत होतं. त्या दिवशी त्याला तराफा लावला नाही. पोळ्याला बैल जुंपत नाहीत. गोजराबाईला लोक म्हणाले, आजच भाजी न्यावी, उद्याचं कोणी पाहिलं? ती म्हणाली, "नेम मोडाचा नाई. नेम पाळला म्हून तं आला थो."

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. सरकारी मालमत्ता पळवली, बोट आहे तिथून परत आणा, नाही तर गुन्हा. क्रेन पल्याड नेता येत नव्हती, तिथं रस्ता नाही. हे कारण साहेबांनी स्वतःच फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या लक्षातही आलं नाही की आपण काय बोललो. गोजराबाईनं ऐकलं, फोन सुचिताला दिला आणि वांगी तोडायला गेली.

मालेगावच्या बाजाराचा दिवस उजाडला तशी हिवरदरीनं तराफा पाण्यात लोटला. वांग्यांची टोपली, भेंडी, सांबार, लखनची मोटरसायकल, डॉक्टरला दाखवायची होती ती गोमतीबाई, आणि बाजाराला न जाताही नुसतं बसायला आलेली निम्मी आळी. ढवळ्यानं दोर ताणून घेतला आणि मान खाली घातली. गोजराबाई पुढं उभी. उजवा हात म्हणजे उजवीकडं, डावा म्हणजे डावीकडं, तळहात दाखवला की हळू.

पाण्याच्या मध्यावर फायबरची बोट आडवी आली. उदयसिंग चालवत होता, मान खाली घालून. मागं नारिंगी जाकिटं घातलेले दोन पोलीस, आणि हातात भोंगा घेतलेले साहेब.

"थांबवा. ही चोरी आहे. इंजिन बंद करा."

"बाजूले सरका," गोजराबाई ओरडली. "आमी थांबलो तरी मागचा तराफा थांबत नाई. थो येऊन धडकते. उदयसिंग, त्याईले सांग गा."

उदयसिंगनं सांगितलं की नाही माहीत नाही. त्यानं बोट मात्र मागं घेतली. गोजराबाईनं तळहात दाखवला. चंपतनं इंजिन मंद केलं, मग बंद केलं. तराफा सरकत सरकत ढवळ्याला येऊन टेकला. सगळ्या धरणावर एकाएकी शांतता झाली. दोन बोटी हातभर अंतरावर डुलत राहिल्या.

साहेब घामाघूम झाले होते. आता भोंग्याची गरज नव्हती तरी त्यांनी तो तोंडाशी धरला होता. "बाई, तुम्ही बोट पळवली. तुमच्या नवऱ्यावर गुन्हा दाखल होईल. या वयात."

"दाखल करा. त्याले काही ऐकू येत नाई, तुमाले इचारून इचारून थकाव लागन," गोजराबाई म्हणाली. एका पोलिसानं तोंड फिरवून हसू दाबलं. "मलेबी न्या. दोर म्या सोडला. सगळ्या गावाले न्या. पन कशात न्यासान? तुमच्या बोटीत टोपलं मावत नाई, गाव कसं मावन?"

"हे बघा, आम्ही बोटीचं जतनच करत होतो. चार लोकांना कळलं असतं तिचं महत्त्व."

"महत्त्व आमाले कळते. वापरतो आमी त्याले."

"ती असुरक्षित आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मंग दुरुस्त करा. तीन वर्सं झाली, कोनी पाना घेऊन आलं नाई. सिमेंट घेऊन आले." ती टोकावरून एक पाऊल पुढं आली. खाली फक्त पाणी होतं. "सायेब, तुमी मोठे मानूस. शिकलेसवरलेले. मी भांडत नाई, मी इचारून राह्यली. समजा आज मी ढवळ्या तुमच्या हवाली केला. तुमी त्याचं इंजिन काढलं, पंखा कापला, चौथऱ्यावर चढवला, हार घातला. उद्या सकाळी मले बाजारात जायचं हाय. ह्या गोमतीबाईले दवाखान्यात जायचं हाय. मागं जंगल, तथी तुमचीच मनाई. पुढं पानी, थेबी तुमचंच. आमी कोन्या रस्त्यानं जायचं?"

"त्यासाठी तुम्ही वेगळा अर्ज करा. तो विषय माझ्याकडं येत नाही."

"कोनाकडं येते?"

साहेबांनी पोलिसांकडं पाहिलं, पोलिसांनी उदयसिंगकडं, उदयसिंगनं पाण्याकडं.

"मी घरी जानार नाई अन् बाजारातबी जानार नाई," गोजराबाई म्हणाली. "भाजी सुकली तं सुकू द्या. तुमी बोला, मंगच इंजिन सुरू होईन, मंग तुमी सांगसान तिकडे नेतो. तुमचं गाव धरनाच्या कोन्या बाजूले हाय, थे मले माहीत नाई. माहं इथी हाय, पानी भरलं तवापासून हाय. सांगा, आमच्या गावाचा रस्ता कोनता? तुमाले माहीत नसन तं ज्याले माहीत हाय त्याले इथी, या पान्यात, घेऊन या. पन उत्तर द्या."